आउटबोर्डचं परवडणारं ऑइल: कंपनीचं, ट्रकचं की दुसऱ्या कुणाचं एफसी-डब्ल्यू?

होडीच्या मागे लावतात त्या फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मशीनचं ऑइल बदलायची वेळ आली की समोर साधारण तीन डबे असतात: मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं ऑइल, दुसऱ्या एखाद्या ऑइल कंपनीचं एफसी-डब्ल्यू (आउटबोर्डसारख्या इंजिनांसाठीच्या दर्जाचं), आणि ट्रक-ट्रॅक्टरला घालतात ते १५डब्ल्यू-४० (हे आकडे ऑइलच्या जाडीचे). चौथं म्हणजे मोटारीचं ऑइल, जे बहुधा आधीच फोडलेलं असतं आणि म्हणूनच मोह होतो. माझ्या ४० हॉर्सपॉवरच्या मशीनमध्ये मी वेगवेगळ्या हंगामांत हे चारही वापरून पाहिलं आहे.

मोटारीच्या ऑइलचा निकाल माझ्यापुरता लवकर लागला. मोटारीचं इंजिन ९० अंशांच्या आसपास तापतं, आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल व ओल त्या उष्णतेने बरीचशी उडून जाते. आउटबोर्डला बाहेरचं थंड पाणी मिळतं. बऱ्याच मशिनींचा थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपासच उघडतो. गळ सोडून तासन्‌तास मंद चालीने फिरलं की पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरलेलं पेट्रोल ऑइलमध्येच मुरतं. हंगामाच्या मध्यावर डिपस्टिकवरची पातळी वर चढलेली दिसली तेव्हा मला वाटलं, भरतानाच जास्त पडलं असेल. डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास. मुळात पातळ ५डब्ल्यू-३०, त्यात हे पेट्रोल, आणि परतीच्या वाटेवर तेच मशीन ५,००० आरपीएमच्या वर अर्धा-पाऊण तास. तो जुगार मला नको होता.

यात एक बारकावा आहे. एपीआयच्या, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, अलीकडच्या दर्जांत ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडना फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, कारण जास्त झाला तर मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. झीज रोखणारं झिंकचं मिश्रण ऑइलमध्ये घालतात, त्यातूनच हा फॉस्फरस येतो. बहुतेक आउटबोर्डना कन्व्हर्टर नसतोच. मग मोटारीच्या सोयीची ही काटकसर आपल्या कॅमशाफ्टने का सोसायची? १०डब्ल्यू-४० ला ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे नाइलाज झालाच आणि मशीनच्या पुस्तकात बसत असेल, तर मोटारीच्या ऑइलांपैकी ते बरं. बऱ्याच पुस्तकांत एपीआय एसजी, एसएच, एसजे, एसएल हे दर्जे चालतील असं छापलेलंही असतं. मोटरसायकलच्या १०डब्ल्यू-४० चंही तेच. त्याची खासियत ओल्या क्लचसाठी असते आणि आउटबोर्डला तसा क्लच नाही, पण अडीनडीला एक बदली निघून जाते.

आता ट्रकचं १५डब्ल्यू-४०. याबद्दल मी वाईट बोलणार नाही. दोन हंगाम मी तेच घातलं. स्वस्त, कुठेही मिळणारं, अंगाने जाड. पेट्रोल मिसळूनही बोटांत धरल्यावर त्याचा चिकटपणा जाणवायचा. मशीनचा आवाजही मला थोडा मऊ वाटला, पण ती कानाची साक्ष आहे, तिला फार किंमत देऊ नका. एवढंच असतं तर मी आजही तेच वापरत असतो.

अडलं ते गंजापाशी. हंगाम संपला की मी ऑइल आणि फिल्टर बदलतो, मशीन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवतो, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे फिरतं. मग होडी तीन-साडेतीन महिने शेडमध्ये. पहिल्या वर्षी झाकण काढून डिपस्टिक ओढली, तर ऑइलच्या पातळीच्या वरच्या भागावर तांबूस कडं आणि फडक्यावर विटकरी डाग. पुसलं आणि विसरलो. दुसऱ्या वर्षी तेच झालं तेव्हा मात्र मी व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. स्प्रिंगांच्या वरच्या वेढ्यांवर बारीक ठिपके होते. घासल्यावर ते निघाले, मशीनही पुढे नीट चाललं. पण डिपस्टिकवरचा गंज हाताने पुसता येतो, आतला कुठे कुठे धरला आहे ते कळत नाही, आणि तो सुटून ऑइलमध्येच उतरतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी स्टार्टर मारताना मनात ही शंका असणं मला फार त्रासदायक वाटलं. मशीन समुद्रात कमी आणि शेडमध्ये जास्त राहणार असेल, तर ऑइलची खरी परीक्षा उभ्या मशीनमध्येच होते.

पुढचे तीन हंगाम दुसऱ्या कंपनीचं १०डब्ल्यू-३० एफसी-डब्ल्यू, साधं मिनरल. शेड तेच, बंद राहण्याचे महिने तेच, वर चढवण्याची रीतही तीच. डिपस्टिक स्वच्छ निघाली. एकदा खात्रीसाठी कव्हर उघडलं, स्प्रिंगांवर ऑइलची ओली चकाकी होती. हा एका मशीनवरचा अनुभव आहे. त्या दोन वर्षांत हवा जास्त दमट असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या १५डब्ल्यू-४० ने असं केलंही नसतं. तरी मला हे अगदी योगायोगाचं वाटत नाही. एफसी-डब्ल्यू हा अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा, म्हणजे एनएमएमएचा, पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठीचा दर्जा. त्यात ऑइल लावलेला धातू खाऱ्या धुक्यात ठेवून गंज तपासतात. शिवाय ऑइल मार खाऊन किती पातळ होतं, फेसाळतं का, ओल शिरल्यावर फिल्टर तुंबतो का, हेही पाहतात. मोटारीच्या ऑइलचीही गंजाची चाचणी असते, पण ती छोट्या फेऱ्यांत इंजिनात साठणाऱ्या आम्लाच्या हिशोबाने आखलेली आहे. आपली तक्रार मिठाची.

कंपनीच्या नावाचं ऑइल मी वॉरंटीच्या काळात वापरलं. त्यात काही खोट काढता येणार नाही. तेही गंजलं नाही, तेही काळं पडायला तेवढाच वेळ लागला. चोचीचा डबा ओतायला सोपा, हे खरं. पण मागच्या बाजूला तोच एफसी-डब्ल्यूचा शिक्का असताना पुढच्या बाजूच्या नावासाठी वरचे पैसे दरवर्षी मोजावेत, असं मला तरी वाटलं नाही. वॉरंटी चालू असेल तर पुस्तकातलं वाक्य नीट वाचा. दर्जा आणि ग्रेड सांगितला असेल तर बिलं जपून ठेवा म्हणजे झालं. ग्रेडच्या बाबतीत पुस्तक सोडू नका. मर्क्युरीच्या बऱ्याच मशिनींना २५डब्ल्यू-४० सांगतात, तिथे माझं १०डब्ल्यू-३० आंधळेपणाने घालण्यात अर्थ नाही. सिंथेटिकसाठीही मी थांबलो नाही. पेट्रोल आणि ओल त्यातही शिरते, आणि १०० तासांनी ते काढून टाकायचंच असतं.

डबा घेताना मात्र शिक्का खरा आहे का ते पाहा. ‘मरीन’, ‘आउटबोर्डसाठी योग्य’, ‘एफसी-डब्ल्यूच्या तोडीचं’ असं कुणीही छापू शकतं. प्रमाणित डब्यावर एनएमएमएचं चिन्ह आणि ‘एफसी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. मी आधी तो शोधतो, मग किंमत विचारतो.

टू-स्ट्रोकवाल्यांना एवढी तुलना करावी लागत नाही. टीसी-डब्ल्यू३, म्हणजे एनएमएमएचाच टू-स्ट्रोकसाठीचा दर्जा, त्याशिवाय दुसरं काही घालू नका. हवेवर थंड होणाऱ्या दुचाकीच्या टू-टी ऑइलमध्ये धातूयुक्त डिटर्जंट असतात, त्यांची राख होते. थंड चालणाऱ्या आउटबोर्डमध्ये ती प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. टीसी-डब्ल्यू३ राखविरहित असतं. ५० ला १ या प्रमाणात २५ लिटर पेट्रोलला अर्धा लिटर ऑइल जळून जातं, तेव्हा तिथे महागड्या नावामागे जाण्याचं कारण आणखीच कमी. प्रमाणित असलेलं सगळ्यात स्वस्त घ्या.

ज्यांची होडी वर्षभर रोजच्या रोज पाण्यात जाते, मशीन आठवडाभरही थंड पडत नाही आणि पुस्तकात १५डब्ल्यू-४० ला हरकत नाही, त्यांना मी ट्रकचं ऑइल सोडा असं म्हणणार नाही. त्यांच्याकडे गंज धरायला वेळच मिळत नाही. माझी होडी मात्र वर्षातले तीन-साडेतीन महिने उभी असते, आणि ४० हॉर्सपॉवरच्या मशीनला एका बदलीत साधारण २ लिटर लागतं. तेवढ्यासाठी मी एफसी-डब्ल्यूचाच डबा उचलतो.