तयार आर्केड संच: पहिल्या संध्याकाळी सगळं चालतं, तिथेच फसगत होते

घरच्या घरी जुन्या धाटणीचं आर्केड कॅबिनेट बांधायचं ठरलं की बरेच जण सुटे भाग जमवण्याऐवजी 'संपूर्ण संच' शोधतात. जाहिरात ठरलेली असते: दोन खेळाडूंचं पॅनल, अस्सल जपानी जॉयस्टिक, २५६ जीबीचं कार्ड, दहा हजार गेम, १०० वॉटचा आवाज, फक्त जोडा आणि खेळा. पैसे घेऊन विक्रेता गायब होणं ही फसवणूक निदान लगेच कळते. खरा चुना वेगळ्या रीतीने लागतो. खोकं वेळेवर येतं, भाग मोजून बरोबर भरतात, जोडल्यावर स्क्रीन उजळतो, पॅक-मॅन पळायला लागतो. माल परत करायची मुदत संपली की मग एकेक भाग दगा द्यायला लागतो. हा योगायोग नाही. हलका माल निवडतानाच तो पहिल्या चाचणीत पास होईल असा निवडलेला असतो. त्यामुळे नुसतं खेळून बघण्याला तपासणी म्हणता येत नाही. जे उशिरा बिघडतं, ते आधी तपासावं लागतं.

सुरुवात एसडी कार्डापासून करावी, कारण त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. खोट्या कार्डात चिप ३२ जीबीची असते आणि तिच्या कंट्रोलरला 'मी २५६ जीबीची' असं सांगायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर क्षमता मोजत नाही, फक्त विचारतो, म्हणून स्क्रीनवर २५६ च दिसतात. पहिल्या ३२ जीबीपर्यंत सगळं नीट लिहिलं जातं. त्यापुढचं एक तर कुठेच लिहिलं जात नाही, नाही तर आधीच्या मजकुरावर चढतं. आणि जुने आर्केड गेम इतके लहान असतात की चोरी उघडी पडायला वेळ लागतो. १९८० च्या पॅक-मॅनचा मुख्य प्रोग्रॅम चार चिपांत मिळून १६ केबी होता. अशा मापाचे हजारो गेम ३२ जीबीत मावूनही जागा उरते. पुढे तुम्ही स्वतःच्या काही मोठ्या फाइली चढवता आणि एके दिवशी कार्ड सुरूच होत नाही.

तपासायला लिनक्स किंवा मॅकवर एफ-थ्री आणि विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे प्रोग्रॅम आहेत, दोन्ही फुकट. ते कार्डाची मोकळी जागा ओळखीच्या मजकुराने भरतात आणि तोच मजकूर परत वाचून पाहतात. आधी कार्डाची पूर्ण प्रतिमा हार्ड डिस्कवर काढून ठेवा, म्हणजे परत पाठवायची वेळ आली तर माल आला तसा करता येईल. कार्ड जितकं सांगतं तेवढी मोकळी जागा त्यासाठी लागते. मग कार्ड फॉर्मॅट करून चाचणी लावा. सेकंदाला २० एमबी या वेगाने २५६ जीबी लिहायला साडेतीन तास लागतात आणि वाचायचा वेळ त्यावर वेगळा. रात्री लावून झोपावं हे बरं. कंटाळून पहिल्या दहा जीबीवर थांबलात तर नकली कार्डही पहिल्या वर्गात पास होतं.

'दहा हजार गेम' हा आकडाही नीट सोलून पाहावा. एम्युलेटरच्या (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत एकाच गेमच्या अनेक नोंदी असतात: जपानी, अमेरिकी, युरोपीय, सुधारित आवृत्ती, त्या काळच्या चोरट्या नकला. स्ट्रीट फायटर टू या एका गेमच्याच नोंदी मोजत बसलात तर बोटं पुरत नाहीत. त्यात भाषा न कळणारे प्रश्नमंजुषेचे आणि जपानी माहजाँगचे गेम मिसळले की आकडा फुगतो. यादी नावानुसार लावून एका अक्षराखालचे खरोखर वेगळे गेम मोजा, अंदाज येतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे: हे गेम विक्रेत्याच्या मालकीचे नसतात. स्नेस-नाइन-एक्स आणि फायनल बर्न निओ या एम्युलेटरांचा परवानाच विक्रीच्या कामाला मनाई करतो. मेम या एम्युलेटरचा परवाना २०१६ पासून मोकळा झाला, पण तो एम्युलेटरपुरता, रॉमना, म्हणजे खुद्द गेमच्या फाइलींना, तो लागू नाही. रॉबी रोटो, ग्रिडली असे थोडे गेम त्यांच्या हक्कधारकांनी बिगरव्यापारी वापरासाठी खुले केले आहेत आणि ते मेमच्या साइटवर मिळतात. संच तपासायला तेवढे पुरतात. गेमच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचं काही कारण आम्हाला दिसत नाही.

आता हाताला लागणारा भाग. जाहिरातीत सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकचा आणि ओबीएसएफ-३० बटणांचा फोटो असतो, खोक्यात नक्कल निघते. वरून ओळखू येत नाही. खाली सर्किट बोर्ड, त्यावर चार मायक्रोस्विच, पाच पिनांचं एकच कनेक्टर (एक ग्राउंड, चार दिशा), हे सगळं नकलेतही तसंच असतं. फरक प्लास्टिकच्या मापात आणि स्विचच्या आतल्या पातळ पत्तीत असतो. दांड्याभोवतीचा प्लास्टिकचा गोल भाग स्विचला ढकलतो. तो जरा बारीक किंवा ढिला झाला की सरळ दिशा लागतात, पण कोपरा, म्हणजे तिरकी दिशा, लागत नाही. आणि पॅक-मॅन खेळताना कोपरा लागतो की नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. फायटिंग गेम सुरू केल्यावर चाली सुटेनाशा होतात, तेव्हा दोष हाताला दिला जातो.

म्हणून जॉयस्टिक कॉम्प्युटरला जोडा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघडा, लिनक्सवर जेएसटेस्ट चालवा. दांडा कडेला टेकवून अगदी सावकाश गोल फिरवा. आठही दिशा ओळीने उमटल्या पाहिजेत. वर, मग वर-उजवीकडे, मग उजवीकडे, असं. एखादा कोपरा गाळला जात असेल किंवा एकच कोपरा अर्ध्या वर्तुळाएवढा पसरत असेल, तर जॉयस्टिक परत. मग दांडा कडेपर्यंत ओढून झटकन सोडा. स्प्रिंग ढिली असेल तर दांडा मध्य ओलांडून समोरची दिशा क्षणभर लावतो. शेवटी वरचा गोळा काढून पाहा. अस्सल मालाचा गोळा ३५ मिमीचा आणि एम-६ आट्यांचा असतो. एम-६ चा साधा बोल्ट त्यात सहज बसत नसेल तर पुढे तपासायची गरज नाही.

इथे एक वाक्य विक्रेत्याच्या बाजूने. पॅक-मॅन किंवा १९८१ च्या डाँकी काँगमध्ये वळणावर खेळाडू अडकत असेल तर ती फसवणूक नाही. हे गेम चार दिशांच्या दांड्यासाठी बनले आणि आठ दिशांचा दांडा त्यांना तिरका हुकूम देतो. जेएलएफची खालची चौकोनी चौकट काढून ४५ अंशांत फिरवून लावली की काम होतं.

बटणांची तपासणी मल्टिमीटरने होते. दाबलेल्या स्विचचा रोध एखाद्या ओहमच्या आत हवा आणि दर वेळी जवळपास तेवढाच हवा. एकदा ०.३, मग ८, मग पुन्हा १ असं दिसलं तर आतला संपर्क कच्चा आहे. आज चालेल, पण हवेने त्यावर थर बसला की एक दाब गिळेल आणि दुसरा दोनदा मोजेल. एकाच प्रकारची सगळी बटणं तपासा, कारण मिसळलेला माल हीही एक युक्ती आहे: वरच्या थरात चांगली सहा, खाली बाकीची.

मापांत होणारी फसवणूक कधी मुद्दाम असते, कधी निव्वळ बेफिकिरी. जपानी बटण ३० मिमीचं, अमेरिकी साधारण २८ चं. दाबून खटक्याने बसणाऱ्या जपानी बटणाचे कान पातळ पत्र्यासाठी किंवा अ‍ॅक्रिलिकसाठी असतात. १८ मिमीच्या लाकडी पॅनलमध्ये ते मागच्या बाजूला पोचतच नाहीत, बटण नुसतं घर्षणावर बसतं आणि काही आठवड्यांनी बोटाबरोबर वर येतं. लाकडी पॅनलच्या संचात लांब आटे असलेली बटणं हवीत, नाही तर मागून खाच काढलेली हवी. भोकं २८ ची आणि बटणं ३० ची आली, तर होल-सॉने ती वाढवायला जाऊ नका. मध्याला आधार नसल्याने करवत घसरते आणि पॅनल वाया जातं. ड्रिलला सँडिंग ड्रम लावून हळूहळू घासा. वायरच्या टोकाच्या क्लिपाही पाहून घ्या: जपानी बटणाला २.८ मिमी, अमेरिकी मायक्रोस्विचला बहुधा ४.८. मोठी क्लिप पक्कडीने दाबून बारीक टर्मिनलवर बसवलेली दिसली, तर तो संच कोणीतरी घाईने भरलेला आहे.

एन्कोडरवर, म्हणजे बटणं आणि दांडा यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणाऱ्या बोर्डावर, 'झीरो डिले' असं छापलेलं असतं. ते नाव आहे, माप नाही. लो-स्पीड यूएसबी उपकरणाला कॉम्प्युटर साधारण ८ ते १० मिलिसेकंदांनी एकदा विचारतो आणि ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे उशीर थोडा असतोच, घरगुती खेळाला चालून जातो. जास्तीची किंमत मात्र त्या दोन शब्दांसाठी देऊ नये. दोन खेळाडूंसाठी असे दोन सारखेच बोर्ड आले की आणखी एक कटकट: दोघांची यूएसबी ओळख एकच असते, त्यामुळे कॅबिनेट बंद करून चालू केल्यावर पहिला खेळाडू दुसरा होऊ शकतो. जाहिरातीच्या व्हिडिओत हे कधी दिसणार नाही.

गेम चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या बंद डबीत रास्पबेरी पाय ४ सांगून पाय ३ घालणं हा सोपा खेळ आहे आणि पकडायलाही सोपा. पाय ४ ला यूएसबी-सी चा वीजप्रवेश आणि दोन मायक्रो एचडीएमआय असतात, पाय ३ ला मायक्रो यूएसबी आणि एकच मोठं एचडीएमआय. डबी चिकटवलेली असेल तर उघडायला सांगा. मेमरी किती ते टर्मिनलमध्ये 'फ्री' कमांड दाखवते.

वीजपुरवठ्याची चोरी वायरमध्ये लपते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. अ‍ॅडॉप्टरवर तसं छापलेलंही असतं, पण सोबतची केबल २८ गेजची, म्हणजे बारीक तारेची. या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४२. दोन अँपिअर वाहिले की एक मीटर केबलमध्येच ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात आणि बोर्डाला ४.२५ च पोचतात. ४.६३ च्या खाली पाय तक्रार करतो आणि वेग उतरवतो. २० गेजच्या वायरीत तीच घट ०.१३ व्होल्ट. मेन्यूत हे कळत नाही, कारण मेन्यूला ताकद लागत नाही. जड गेम अर्धा तास चालवून मग व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड (vcgencmd get_throttled) ही कमांड द्या. उत्तर ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर सुरू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती, आणि त्या स्क्रीनचा फोटो विक्रेत्याला पाठवायला पुरेसा पुरावा आहे.

आवाजाच्या १०० वॉटांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ५ व्होल्टवर चालणारा ब्रिज पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला दर चॅनेलला कमाल ३ वॉटांच्या आसपास देऊ शकतो, १२ व्होल्टवर १८. याहून जास्त कोणी सांगत असेल तर व्होल्ट विचारा.

स्क्रीनमध्ये एक बारीक गोम आहे. 'आयपीएस' (सगळ्या कोनांतून रंग टिकवणारं पॅनल) म्हणून स्वस्त टीएन पॅनल येतं. टीएनचे रंग वरून-खालून पाहताना बिघडतात, बाजूने तितके नाही, म्हणून टेबलावर ठेवून पाहिलं तर खपून जातं. उभ्या गेमसाठी तेच पॅनल ९० अंश फिरवलं की कमकुवत कोन आडवा होतो आणि शेजारी उभ्या दोन खेळाडूंना दोन वेगळी चित्रं दिसतात. हातात आल्या आल्या उभं धरून डावीकडून-उजवीकडून पाहा. तसंच '४:३ चा १९ इंची' म्हणून विकला जाणारा मॉनिटर बहुतेक वेळा १२८० गुणिले १०२४ चा, म्हणजे ५:४ चा असतो.

लाकूड वजनावर पकडा. १८ मिमी एमडीएफची आठ बाय चार फुटांची पाटी ३९ किलोंच्या आसपास भरते, १६ मिमीची ३५. कापलेल्या पाट्यांना व्हर्निअर लावा. १९ मिमीची टी-मोल्डिंग (कडेच्या खाचेत ठोकून बसवायची प्लास्टिकची पट्टी) १६ च्या पाटीवर दोन्ही बाजूंनी मिळून ३ मिमी बाहेर येते आणि हाताला टोचते. लॅमिनेटच्या आत पार्टिकल बोर्ड घालतात तेही खाचेत दिसतं: एमडीएफची कड एकसारखी मऊ, पार्टिकल बोर्डची दाणेदार. अशा कडेत टी-मोल्डिंगची खाच धरत नाही, दाणे सुटतात.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: जॉयस्टिकची खालची बाजू, पाटीच्या कापलेल्या कडेला लावलेला व्हर्निअर आणि डबी उघडलेला बोर्ड. प्रत्येकात त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद हवा. कॅटलॉगचेच फोटो पुन्हा आले तर तेच उत्तर समजा. खोकं उघडताना लेबलपासून शेवटच्या पिशवीपर्यंत न थांबवता व्हिडिओ घ्या. तक्रारीत 'बोगस माल' लिहिलं की वाद होतो. 'जाहिरात १८ मिमी, प्रत्यक्ष १५.८, जाहिरात २५६ जीबी, प्रत्यक्ष २९.१' असं लिहिलं की विक्रेत्याला बोलायला फारसं उरत नाही. आणि हे सगळं होईपर्यंत पॅनलवर स्टिकर चिकटवू नका, नवं भोक पाडू नका, वायर कापू नका. हात लावलेला माल परत घेत नाही, हे एक वाक्य त्यांच्याकडे कायम तयार असतं.