आर्थर निकिशची १९१३ची ‘पाचवी’: आठ महिने ऐकल्यानंतर

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची मोठी रचना), कंडक्टर म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक आर्थर निकिश. ऑगस्टमध्ये ही सीडी घेतली, आता एप्रिल संपत आलाय. आधीच सांगते, पहिल्या दिवशी ऐकून मत बनवू नका. मी बनवलं होतं. स्पीकरवर लावली तर पत्र्यावर पाऊस पडावा तशी खरखर, आणि तिच्यापलीकडे कुठेतरी लांब बेथोव्हेन. पाच मिनिटांत बंद केली.

हे ध्वनिमुद्रण १० नोव्हेंबर १९१३चं, बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचं. अख्खी सिंफनी तबकड्यांवर उतरवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. मायक्रोफोन यायचा होता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसायचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणात खाच पाडायची. खर्जातले सूर कर्ण्याला पेलत नसत, म्हणून त्या काळी डबल बास या मोठ्या तारवाद्याच्या जागी बऱ्याचदा ट्यूबा हे पितळी फुंकवाद्य घेत. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटं मावायची. त्यामुळे ही सिंफनी आठ तुकड्यांत आहे.

हे कळल्यावर मी ऐकण्याची पद्धत बदलली. रोज सकाळी व्हायोलिन हातात घ्यायच्या आधी एकच तुकडा, हेडफोन लावून, नोटेशन समोर ठेवून. दोनेक आठवड्यांत कान खरखरीला सरावले आणि माणसं ऐकू यायला लागली.

दुसऱ्या भागाची सुरुवात घ्या. व्हायोला आणि चेलो मिळून ती धून उचलतात आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट तारेवरून सरकत नेतात. आपल्याकडे याला सरळ मींड म्हणतील. मला शिकवताना असं घसरणं चूक म्हणून खोडलं जायचं, म्हणून पहिल्यांदा मला ते ढिसाळ वाटलं. आता तोच तुकडा मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते. त्या पिढीचे वादक गळ्याने गावं तसं तारेवर गात होते. आणि निकिश स्वतः व्हायोलिनवाला. व्हिएन्नाच्या दरबारी ऑर्केस्ट्रात तो वाजवायचा. १८७२मध्ये जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या नाट्यगृहाची पायाभरणी झाली, तेव्हा वाग्नरच्याच हाताखाली बेथोव्हेनची ‘नववी’ वाजवणाऱ्यांत हा १६ वर्षांचा मुलगा होता. तारवाद्यांना किती सैल सोडायचं हे त्याला बोटांतून माहीत होतं.

लयीचंही तसंच. पहिल्या भागात निकिश मेट्रोनोमला, म्हणजे ठोके मोजणाऱ्या यंत्राला, बांधलेला नाही. सुरुवातीचे ते प्रसिद्ध चार सूर वजन टाकून येतात, मग लय धावते, आणि दुसरी, हळुवार धून आली की पुन्हा श्वास घेते. एवढा मोठा ताफा एका माणसाच्या श्वासाबरोबर कसा हलत असेल, हा प्रश्न मला अजून सुटत नाही. तो मोठे हातवारे करत नसे. हातातल्या छडीचं, बॅटनचं, टोक आणि नजर, बस. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने १८८८च्या दौऱ्यात त्याला लाइप्झिगमध्ये ऐकलं, तेव्हा त्याच्या याच शांतपणाचं कौतुक केलं होतं. याच लाइप्झिगमध्ये, ३० डिसेंबर १८८४ला, निकिशने संगीतकार ब्रुकनरची ‘सातवी’ सिंफनी पहिल्यांदा वाजवून दाखवली. ब्रुकनर तेव्हा ६० वर्षांचा होता आणि उपेक्षेला कंटाळलेला. दुसऱ्याच्या रचनेसाठी असं उभं राहणारा कंडक्टर मला मोठा वाटतो.

आता तक्रारी. सोबतची पुस्तिका दोन पानांची, मूळ तबकड्या कुठून मिळवल्या याचा त्यात पत्ता नाही. तुकड्यांचे सांधे दोन ठिकाणी खटकन कानाला लागतात. तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांची ती दबकी धडधड मला आठ महिन्यांत एकदाही नीट ऐकू आली नाही, आणि तिच्याशिवाय पुढचा उजेड अर्धाच पडतो. ‘पाचवी’ पहिल्यांदाच ऐकणार असाल तर एखादं नवं ध्वनिमुद्रण आधी ऐका. आणि स्पीकर नकोच, हेडफोन घ्या.

लाकडी फुंकवाद्यं मात्र कर्ण्याने छान टिपली आहेत. पहिल्या भागात मध्येच सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा ओबो चार-दोन सूर रेंगाळत म्हणतो. गेल्या आठवड्यात तो तुकडा डोळे मिटून तीनदा ऐकला. निकिश त्याला घाई करत नाही.