.३०-०६ ची नळी बदलून आठ महिने झाले: हेडस्पेसचा अनुभव

रायफल आजोबांची. माउझर ९८ ची अॅक्शन, म्हणजे नळी मागून बंद करणारा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर; काडतूस .३०-०६. ते पेठ-सुरगाण्याच्या रानात शिकारीला जायचे त्या काळातली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. रायफल वारसाने वडिलांच्या आणि मग माझ्या परवान्यावर आली. आता ती वर्षातून काही वेळा परवानगीने रेंजवर चालते, एवढंच. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमधल्या (बुडातल्या ठिणगीच्या टोपीतल्या) क्षारांनी नळी आतून खाल्ली होती. पन्नास मीटरवरही गोळ्यांचा गट पसरायचा. विधानसभा निवडणुकीत जमा केलेली रायफल परत मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये एका परवानाधारक कारागिराकडून नळी बदलून घेतली. हे काम घरी करायचं नसतं. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. मी सातपूरच्या टूलरूममध्ये एकोणतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे मोजमापाशी मात्र संबंध रोजचा.

नळी चांगली आहे, हे आधी सांगतो. आतून आरशासारखी स्वच्छ. पहिल्याच दिवशी शंभर मीटरवर तीन गोळ्या हाताच्या तळव्याएवढ्या जागेत बसल्या. फिनिश उत्तम, पुढची माशी सरळ उभी. मजुरी साडेअठरा हजार दिली आणि आनंदाने दिली. एप्रिलपर्यंत मी ज्याला-त्याला हेच काम दाखवत होतो.

मग मी रिकाम्या पुंगळ्या पाहिल्या. नऊ काडतुसं झाडली होती. त्यांतल्या चार पुंगळ्यांवर बुडापासून साधारण दहा-बारा मिलिमीटर वर एक चकचकीत कडं दिसलं. वायरचं टोक वाकवून आतून फिरवलं तर त्याच जागी बारीक खाच लागली. तिथे पितळ ताणलं गेलं होतं. घोडा सुटला की फायरिंग पिन काडतूस पुढे ढकलते आणि पुंगळीचा खांदा (ती निमुळती होते तो भाग) चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या, खांद्याला टेकतो. दाब वाढला की पुंगळीच्या पातळ भिंती चेंबरला चिकटून बसतात, पण जाड बूड मागे बोल्टच्या तोंडापर्यंत सरकतं. मधली मोकळी जागा जास्त असेल तर तेवढं अंतर पितळाला ताणून भरून काढावं लागतं. ही मोकळी जागा म्हणजेच हेडस्पेसचा प्रश्न. .३०-०६ ला रिम (बुडाची बाहेर आलेली कडा) नाही, म्हणून माप बोल्टच्या तोंडापासून पुंगळीच्या खांद्यावरच्या ठरावीक व्यासापर्यंत घेतात. तो व्यास ०.३७५ इंच. आपल्याकडची .३१५ ची पुंगळी रिमवर बसते, त्यामुळे तिचा हिशोब वेगळा.

कारागिरांकडे गेलो. माणूस सभ्य, चहा मागवला. मी विचारलं, ‘काका, हेडस्पेस कशावर बसवलं?’ त्यांनी ड्रॉवरमधून गेज काढलं, म्हणजे चेंबरमध्ये घालून बघायचा ठरावीक मापाचा तुकडा. एकच गेज. त्यावर ‘फील्ड’ लिहिलेलं. बोल्टमधली पिन काढली, गेज टाकलं, हँडल दोन बोटांनी खाली नेलं. बंद झालं नाही. म्हणाले, ‘बघा, फील्डवर बंद होत नाही, म्हणजे रायफल पास. आणि साहेब, आपल्याकडे पुंगळी दुसऱ्यांदा भरतं कोण? एकदा झाडली की संपली. थोडी ताणली तर तुमचं काय बिघडतं?’

त्या दिवशी मी रागाने परत आलो. घरी म्हणालो की रायफल धोकादायक करून ठेवली आहे. मे महिन्यात हा अनुभव लिहायला घेतला तेव्हाही पहिल्या मसुद्यात ‘कधीही फुटेल’ असे शब्द होते. ते मी आता काढले आहेत, कारण ते खरे नव्हते. फील्ड गेजवर बोल्ट बंद होत नाही याचा अर्थ चेंबर कमाल मर्यादेच्या आत आहे. चांगल्या कारखान्याचं नवं काडतूस त्यात एकदा झाडलं तर साधारणपणे काही होत नाही. माझ्या नवांपैकी एकही पुंगळी फुटली नव्हती. एवढ्यापुरते काका बरोबर होते, आणि मी ते त्यांना फोन करून सांगितलं.

पण त्यांचा दुसरा मुद्दा मला आजही मान्य नाही. फील्ड गेज हे जुन्या, झिजलेल्या रायफलीचं गेज आहे. ही अजून वापरता येईल की बाजूला ठेवायची, एवढंच ते सांगतं. नव्या नळीची कसोटी वेगळी आहे: गो गेजवर (किमान माप) बोल्ट अलगद बंद व्हावा, नो-गोवर (नव्या नळीची वरची मर्यादा) अडावा. .३०-०६ च्या चेंबरची किमान आणि कमाल लांबी यांत दहा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक असतो, म्हणजे पाव मिलिमीटर. बोल्टचे आणि रिसीव्हरचे लग (एकमेकांत अडकणारे दात) वापराने बसत जातात आणि हेडस्पेस फक्त वाढतं, ते आपोआप कधी कमी होत नाही. मग ती पाव मिलिमीटरची पुंजी पहिल्याच दिवशी खर्च करून रायफल का द्यायची? टूलरूममध्ये नवा बोअर आम्ही कधी ‘अजून स्क्रॅप झालेला नाही’ या मापावर पास केला नाही. प्लग गेजची गो बाजू जायला हवी आणि नो-गो बाजू अडायला हवी. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं.

पुंगळी एकदाच वापरायची, म्हणून चालतं, हेही मला पटत नाही. उलट आपल्याकडे काडतुसं मोजून मिळतात, प्रत्येकाची नोंद असते आणि किंमत वाढतच चालली आहे. त्यांतलं एखादं कमी लांबीचं निघालं तर ते आणि चेंबर यांच्यातलं अंतर आणखी वाढतं. तेव्हा पुंगळी बुडाशी चिरली तर गरम वायू मागे येतो. गाल बोल्टच्या जवळ असतो तो माझा.

जूनमध्ये दुसऱ्या शहरातल्या परवानाधारक कारागिरांकडे रायफल नेली. त्यांच्याकडे तिन्ही गेजं होती. मी समोर उभा राहून पाहिलं. त्यांनी आधी पिन आणि स्प्रिंग काढली आणि मग माउझरचा लांब एक्स्ट्रॅक्टरसुद्धा (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) उतरवला. तो राहिला तर गेजच्या कडेवर अडतो आणि हाताला खोटा अडसर लागतो. मग गो गेज घातलं: बंद. नो-गो: तोही बंद. फील्ड: अडला. त्यानंतर त्यांनी गो गेजच्या बुडाला पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) लावत माप काढलं. गोच्या वर ०.१८ मिलिमीटर, म्हणजे सात थाऊ.

या रायफलीत ते ०.०३ वर आणायचं असं ठरलं. म्हणजे नळी ०.१५ मागे घ्यायची. मला वाटलं लेथवर नळीचा खांदा ०.१५ फेस केला (तेवढा कापला) की काम संपलं. अर्ध्या तासाचं काम. पण माउझरच्या नळीला इंचात १२ आटे असतात, एक फेरा म्हणजे २.११७ मिलिमीटर. ०.१५ मागे घेतलं तर नळी साडेपंचवीस अंश जास्त फिरते. बाराच्या जागी उभी असलेली माशी जवळजवळ एकच्या जागी जाते. मी तिथेच कागदावर गणित केलं आणि माझी ती अर्ध्या तासाची कल्पना सोडून दिली.

मग एकच नीट मार्ग उरला. पूर्ण एक फेरा मागे. नळीचा खांदा २.११७ मिलिमीटर फेस केला. माउझरमध्ये नळीचं मागचं टोक रिसीव्हरच्या आतल्या कॉलरवरही टेकतं, म्हणून ते टोकही तेवढंच कापलं. आता चेंबर हव्या मापापेक्षा १.९७ मिलिमीटर आखूड झालं. ते रीमरने (चेंबर कापायच्या हत्याराने) हाताने खोल केलं. शेवटचा दशांश मिलिमीटर ते इतक्या सावकाश करत होते की मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो तरी काम चालूच. दोन-तीन फेरे, रीमर बाहेर, तेल, चूर साफ, गेज. पुन्हा दोन फेरे. रीमरवर चूर राहिला तर चेंबरला चरा पडतो. नळी पूर्ण आवळल्यावर आणखी एक-दोन थाऊ बसते, तोही हिशोब त्यांनी आधीच धरला होता. नळी दोन मिलिमीटर मागे आली म्हणून शिसवी दस्त्याची खाच थोडी उकरावी लागली. तिथलं पॉलिश गेलं, आणि ते मला अजून खुपतं. आजोबांच्या हाताचं होतं ते.

मजुरी पुन्हा द्यावी लागली, बारा हजार. पहिल्या काकांनी पैसे परत दिले नाहीत. मी दोनदा मागितले, मग सोडून दिले. पण त्यांनी आता गो आणि नो-गो दोन्ही गेजं मागवली आहेत, हे त्यांनी स्वतः सांगितलं. बारा हजारांचं दुःख तेवढ्याने थोडं कमी झालं.

जुलै ते सप्टेंबरमध्ये अडतीस काडतुसं झाली. सगळ्या पुंगळ्या ठेवल्या आहेत. एकावरही कडं नाही, आतून वायर फिरवली तर गुळगुळीत. प्राइमर बुडाच्या पातळीत. गटात फरक पडला का? थोडा, पण तो माझ्या हाताचाही असू शकतो. बोल्ट मात्र बंद होताना शेवटच्या इंचभरात आधीपेक्षा घट्ट लागतो, आणि एका पेटीतली दोन काडतुसं जरा जोर लावूनच गेली. आधी मी यावर तक्रार केली असती.

नळी बदलून घेणार असाल तर कारागिराला आधी एवढंच विचारा की गो आणि नो-गो दोन्ही आहेत का, आणि एक्स्ट्रॅक्टर उतरवून माझ्यासमोर दाखवाल का. उत्तर ‘फील्ड आहे ना’ असं आलं तर रायफल परत घेऊन या. दुसऱ्या कारागिरांनी मला बिलाच्या मागे पेनाने लिहून दिलं: ‘गो बंद. नो-गो उघडा. +०.०३.’ खाली तारीख आणि सही. तो कागद मी परवान्याच्या पुस्तिकेत ठेवला आहे. शंभर काडतुसं झाली की रायफल पुन्हा त्यांच्याकडे न्यायची आणि त्याच कागदावर दुसरी ओळ लिहून घ्यायची, असं आमचं ठरलं आहे.