मासिक बैठक तारखेने लावावी की वाराने?

फोनच्या कॅलेंडरात दर महिन्याची बैठक नोंदवताना ‘दर महिन्याच्या १० तारखेला’ असा नियम द्यावा की ‘दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी’ असा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आमचा १६ कास्तकारांचा बचत गट आहे आणि त्याचे कॅलेंडर मी सांभाळतो. दोन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत. आपल्या गटाची, भजनी मंडळाची किंवा दूध सोसायटीची बैठक लावायची असेल, तर त्यापूर्वी हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

तारखेची पद्धत सोपी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ‘दहा तारीख’ हे दोन शब्द म्हाताऱ्या माणसाच्याही तोंडी बसतात. दोन बैठकांमध्ये २८ ते ३१ दिवस जातात, त्यामुळे महिन्याच्या व्याजाचा हिशेब सरळ राहतो. बँकेचा हप्ता, विम्याचा हप्ता आणि दुकानाचे भाडे यांना तर तारखेशिवाय दुसरा आधारच नाही. मात्र महिन्याची अखेर निवडणाऱ्याने थोडे थांबावे. कॅलेंडरच्या नोंदी एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये ज्या आयकॅलेंडर पद्धतीने जातात, तिचे नियम २००९ च्या आरएफसी ५५४५ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात आहेत. त्यानुसार अस्तित्वात नसलेली तारीख वगळली जाते. गूगल कॅलेंडरमध्ये ३१ तारखेची मासिक नोंद म्हणूनच वर्षातून फक्त ७ वेळा दिसते, तर आउटलुक लहान महिन्यात ती शेवटच्या दिवशी आणून ठेवते.

आमची तारीख १० होती, म्हणून ही अडचण आम्हाला कधी आली नाही. आमची अडचण बाजाराची होती.

शेजारच्या मोठ्या गावी मंगळवारी आठवडी बाजार भरतो. १० जून २०२५ हा मंगळवार होता. मिरग लागलेला, पेरणी तोंडावर आलेली, आणि बियाण्यापासून दोरखंडापर्यंत सगळी खरेदी त्याच दिवशी उरकायची होती. संध्याकाळी सात वाजता बैठकीला ५ जण आले. फोनने सर्वांना वेळेवर आठवण दिली होती, पण त्या वेळी बहुतेक जण बाजारातच होते. त्या रात्री मी पुढचे महिने चाळले, तेव्हा २०२६ मध्ये १० तारीख फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर अशी तीनदा मंगळवारी येत असल्याचे दिसले. हे निव्वळ दुर्दैव नव्हते. १ ते २८ मधली कोणतीही तारीख घेतली, तरी ती वर्षातून किमान एकदा प्रत्येक वारी येतेच, आणि साध्या वर्षात फेब्रुवारीचे दिवस २८ असल्याने फेब्रुवारीत लागलेली गाठ मार्चमध्ये पुन्हा पडते. शिवाय हे नेमके मृग आणि आंबिया या वर्षातल्या दोन बहारांच्या (मोहोरांच्या) संत्र्याचे पैसे हाती येण्याचे महिने, म्हणजे बैठकीला सर्वांनी असणे सर्वांत गरजेचे.

मी त्या तीन नोंदी एकेक करून ११ तारखेवर सरकवल्या आणि निश्चिंत झालो. ऑगस्टमध्ये सर्वानुमते बैठकीची वेळ सातऐवजी आठ ठरली, म्हणून मी संपूर्ण मालिकेची, म्हणजे दर महिन्याच्या सगळ्या नोंदींची, वेळ एकदम बदलली. त्यासरशी सरकवलेल्या तिन्ही नोंदी काहीही न सांगता परत मंगळवारी जाऊन बसल्या. मी तेव्हा वापरत असलेल्या ॲपमध्ये असे झाले. सगळीकडे होईल, असे मी म्हणणार नाही. परंतु हाताने केलेले अपवाद जितके जास्त, तितकी ती मालिका विश्वासाची उरत नाही, असे माझे मत बनले आणि मी वाराकडे वळलो.

बुधवार निवडला, कारण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाजी विकलेली असते, किराणा भरलेला असतो आणि बचतीचे पैसे वेगळे काढलेले असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरा बुधवार १० तारखेलाच आला, त्यामुळे बदल कोणाला जाणवलासुद्धा नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र घोळ झाला. तो महिना बुधवारी सुरू झाला, म्हणून दुसरा बुधवार ८ तारखेला आला, तर दुसरा मंगळवार १४ तारखेला. ‘दुसऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ असे मनात धरून बसलेले दोघे जण १५ तारखेला वही घेऊन माझ्या ओसरीवर हजर झाले. दोष माझाच होता. मी त्यांना वार सांगितला, पण मोजायचा कसा ते सांगितले नाही.

वाराच्या पद्धतीत आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. दोन बैठकांमधले अंतर कधी २८ दिवसांचे, तर कधी ३५ दिवसांचे असते, म्हणून व्याज दिवसांवर न लावता महिन्यावर लावावे. आणि महिन्याच्या शेवटी बैठक हवी असेल, तर ‘पाचवा’ न निवडता ‘शेवटचा’ निवडावा, कारण पाचवा बुधवार वर्षात ४ किंवा ५ महिन्यांतच येतो. ‘दर ४ आठवड्यांनी’ हा पर्याय मासिक समजून घेऊ नये. त्यात वर्षाच्या १३ बैठका होतात. पोळ्यासारखे तिथीवर चालणारे सण या दोन्ही नियमांत बसत नाहीत, ते पंचांग पाहून दर वर्षी हातानेच टाकावेत.

ज्या गावाचा व्यवहार बाजाराच्या वारावर चालत नाही, तिथे कदाचित तारीखच बरी पडेल. माझ्या फोनमध्ये आजही बँकेचा हप्ता १० तारखेला आणि बैठक दुसऱ्या बुधवारी, अशा दोन वेगळ्या मालिका आहेत. बैठक रात्री आठची आहे आणि तिची आठवण मी २६ तास आधी लावली आहे, म्हणजे ती मंगळवारी संध्याकाळी सहाला वाजते. त्या वेळी बाजारातून परतणारा ऑटो आमच्या फाट्यावर थांबलेला असतो आणि गटातले निम्मे लोक पिशव्या घेऊन त्यातून उतरत असतात.