आयनॅचरलिस्टवरचे अकरा महिने: नोंदी, मतभेद आणि माणसे

गेल्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आयनॅचरलिस्ट या, पाहिलेल्या जीवांच्या नोंदी करण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडले आणि या जूनपर्यंत त्यावर सहाशेच्या आसपास नोंदी केल्या. मी सावंतवाडी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घराभोवती काजूची कलमे, चिऱ्यांचे जुने कुंपण आणि पावसाळ्यात वाहणारा एक व्हाळ आहे, त्यामुळे नोंदींसाठी दूर कुठे जावे लागले नाही. या व्यासपीठाबद्दल जे लिहिले जाते त्यात छायाचित्रावरून वनस्पती किंवा प्राणी ओळखून देण्याच्या सोयीचेच कौतुक अधिक असते. मला मात्र तेथे भेटलेल्या माणसांविषयी लिहायचे आहे, कारण अकरा महिन्यांनंतर मी तेथे टिकून आहे ती त्यांच्यामुळे, आणि मध्यंतरी खाते बंद करण्याच्या बेतात आले होते तेही एका माणसामुळेच.

ज्यांनी हे वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. 2008 मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून याची सुरुवात झाली. 2014 पासून ते कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा भाग होते, 2017 पासून त्यात नॅशनल जिओग्राफिक सोसायटीही सहभागी झाली, आणि 2023 पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. जगभरातून वीस कोटींहून अधिक नोंदी तेथे झालेल्या आहेत. नोंद म्हणजे एका वेळी, एका ठिकाणी पाहिलेला एक जीव. तारीख, ठिकाण आणि छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण हा तिचा आधार. त्यावर कोणीही सदस्य आपल्या मते तो जीव कोणता ते सांगतो. निदान दोघांनी मत दिले आणि दोन-तृतीयांशांहून अधिक मते एका प्रजातीवर जुळली, तर त्या नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ दर्जा मिळतो. योग्य परवाना दिलेला असल्यास अशी नोंद कोपनहेगनमध्ये सचिवालय असलेल्या जागतिक जैवविविधता माहिती सुविधेकडे, म्हणजे जीबीआयएफकडे जाते आणि संशोधकांना वापरता येते. या मोजणीत प्राध्यापकाचे मत आणि नववीतल्या मुलीचे मत यांचे वजन सारखेच असते. पुढे जे घडले ते कळण्यासाठी ही मोजणी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

माझी पहिली मैत्री एका चुकीतून झाली. काजूच्या पानावर मला एक तांबडी ओंबील दिसली, आमच्याकडे पाने विणून घरटी करणाऱ्या त्या चावऱ्या मुंग्या भरपूर आहेत, म्हणून मी तिचे छायाचित्र मुंगी म्हणून चढवले. दुसऱ्या दिवशी श्रीलंकेतील एका शिक्षिकेने खाली एवढेच लिहिले होते, की कृपया पाय मोजून पाहा. मी छायाचित्र मोठे करून पाहिले आणि आठ पाय मोजले. पुढचे दोन पाय मुंगीच्या मिशांसारखे उचललेले होते आणि कोळ्याच्या शरीराच्या पुढच्या भागाला मध्येच अशी खाच होती, की मुंगीचे डोके आणि छाती वेगळी असल्याचा भास व्हावा. तो ओंबिलींची नक्कल करणारा, उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला मायर्माप्लाटा होता. उत्तर तिला ठाऊक होते, तरी तिने नाव सांगितले नाही, मला मोजायला लावले. मीही वर्गात हेच करते, आणि म्हणूनच त्या एका ओळीने मला तिच्याविषयी आपुलकी वाटली. त्यानंतर आम्ही एकमेकींच्या कोळ्यांवर जवळपास रोज लिहीत आलो आहोत. नराचे जबडे इतके लांब असतात, की तो एखादी मुंगी तोंडात धरून चालला आहे असे वाटते, हे मला तिच्याकडूनच समजले. पुढे आमच्या बोलण्यात शाळेतले तास आणि परीक्षेचे पेपरही येऊ लागले, पण प्रत्येक बोलण्याची सुरुवात अजूनही एखाद्या छायाचित्रानेच होते.

दुसरे स्नेही जळगावचे. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तीस वर्षे सर्पमित्र म्हणून काम करत आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो आणि ते मला, शिक्षिका असल्याने, बाई म्हणतात. त्यांची ओळख ज्या प्रसंगातून झाली तो मला सविस्तर सांगितला पाहिजे.

सप्टेंबरमध्ये एका मुलाने, बहुधा महाविद्यालयीन असावा, रात्री घराच्या पायरीवर दिसलेल्या काळ्या सापाचे छायाचित्र चढवले होते. अंगावर पांढरे पट्टे होते. एका सदस्याने लगेच लिहिले, की हा कवड्या आहे, बिनविषारी आहे, हातात घेऊन जवळून छायाचित्र काढा. मला सापांतले फार कळत नव्हते, पण मान रिकामी होती आणि पट्टे मागे शेपटीकडे दाट होत गेले होते, हे मला दिसत होते. कवड्याचे याच्या उलट असते, त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मी तसे लिहिले. काकांनी त्यात भर घातली, की पाठीच्या मधोमध षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक ओळ स्पष्ट दिसते आहे आणि ती मण्यारीची खूण आहे. मण्यारीचा दंश बहुतेकदा रात्री झोपलेल्या माणसाला होतो, त्या जागी फारशी वेदना किंवा सूज नसते आणि विष मज्जासंस्थेवर काम करते, त्यामुळे दंश झाल्याचे कळायलाच उशीर होतो. अशा सापाला ‘हातात घ्या’ म्हणणे म्हणजे समोरच्या मुलाचा जीव धोक्यात घालणे होते.

त्या सदस्याने आमच्या मुद्द्याला उत्तर दिले नाही. बाईमाणसाने सापांच्या नादी लागू नये, स्वयंपाकघरातली झुरळे मोजावीत, असे त्याने लिहिले, आणि काकांच्या वयावरूनही दोन वाक्ये लिहिली. मी त्या मजकुरावर निशाण लावून तक्रार नोंदवली, म्हणजे ज्याला तेथे फ्लॅग करणे म्हणतात ते केले. तेथे देखरेख करणारे स्वयंसेवक असतात, त्यांना क्युरेटर म्हणतात. त्यांनी तो मजकूर झाकला. प्रकरण मिटले असे मला वाटले.

दोन दिवसांनी सकाळी उठून पाहते तो माझ्या त्रेचाळीस नोंदींवर त्याच माणसाने रात्रीतून असहमती नोंदवली होती. कोठे साप असल्यास नुसते ‘साप’, कोठे कोळी असल्यास नुसते ‘कोळी’, कारण मात्र कोठेच दिले नव्हते. वर सांगितलेली मोजणी येथे लागू होते. ज्या नोंदीवर माझे आणि आणखी एकाचे मत जुळलेले होते तिच्यावर तिसरे विरोधी मत पडले, की प्रमाण तिनात दोन, म्हणजे नेमके दोन-तृतीयांश होते, आणि नियम त्याहून अधिकचा आहे. त्यामुळे यांतील बहुतेक नोंदींचा दर्जा एका रात्रीत गेला. शिवी दिसते आणि झाकता येते. हा प्रकार वरवर पाहता नियमातच बसणारा होता, कारण असहमती नोंदवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मला याचा इतका संताप आला, की त्याला उद्देशून एक मोठे उत्तर मी लिहून तयार ठेवले.

काकांना निरोप केला तेव्हा त्यांनी लिहिले, “बाई, त्या माणसाला उत्तर देऊ नका. भांडायचे तर खवल्यांवरून भांडा.” त्यांच्या सांगण्यावरून मी लिहिलेले उत्तर टाकून दिले आणि प्रत्येक नोंदीखाली, मी ही ओळख कशावरून केली होती, ते दोन-तीन वाक्यांत लिहायला बसले. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. मग मी काकांना आणि श्रीलंकेतल्या मैत्रिणीला त्या नोंदी पाहण्याची विनंती केली. त्यांनी आणखी चौघांना सांगितले. चारांत तीन मते जुळली, की दर्जा परत मिळतो, म्हणून प्रत्येक नोंदीला एकेक नवे मत पुरेसे होते. आठवड्याभरात एक्केचाळीस नोंदी पूर्ववत झाल्या.

दोन झाल्या नाहीत, आणि या संपूर्ण अनुभवातील मला सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते. पहिली नोंद माझ्या कुंपणातल्या सापाची होती. चिऱ्यांच्या फटीत शिरताना त्याचा केवळ मागचा भाग विजेरीच्या उजेडात टिपला गेला होता आणि मी त्याला कवड्या म्हटले होते. काकांनी लिहिले, की पाठीचे खवले स्पष्ट नाहीत, मान दिसत नाही, शेपटीची खालची बाजू दिसत नाही, त्यामुळे मला यावर मत देता येणार नाही. दुसरी नोंद एका कोळ्याच्या पिल्लाची होती, आणि इतक्या लहान वयात प्रजातीपर्यंत जाता येत नाही, असे माझ्या मैत्रिणीने कळवले. म्हणजे त्या दोन ठिकाणी, सूडाने का होईना, त्या माणसाने नोंदवलेली असहमती योग्य होती. प्रथम मला फार वाईट वाटले. माझ्या बाजूने उभे राहा असे मी त्यांना सांगितले होते आणि त्यांनी मला पुराव्याच्या बाजूला उभे केले होते. विचार केल्यावर कळले, की उरलेल्या एक्केचाळीस नोंदींवरच्या त्यांच्या मतांना किंमत आहे ती याच नकारामुळे. त्यांनी डोळे मिटून त्रेचाळीस ठिकाणी होकार भरला असता, तर तेही त्या माणसासारखेच टोळीने मत देणारे ठरले असते. मी दोन्ही नोंदींवरचे माझे मत मागे घेतले.

आता साधनांविषयी. त्रास देणाऱ्या सदस्यापासून वाचण्यासाठी येथे दोन सोयी आहेत. एकीत त्या सदस्याच्या हालचालींच्या सूचना आपल्याला येणे थांबते, आणि त्याला याचा पत्ता लागत नाही. दुसरीत त्याला पूर्णपणे अडवता येते, मग तो आपल्या नोंदींवर काही लिहू शकत नाही आणि आपणही त्याच्या नोंदींवर लिहू शकत नाही. अशा प्रकारे आपण होऊन तिघांनाच अडवता येते, अधिक जणांना अडवायचे असल्यास मदत विभागाला लिहावे लागते. ही मर्यादा मला सुरुवातीला जाचक वाटली होती. आता मला ती योग्य वाटते, कारण न पटणारे मत देणाऱ्या प्रत्येकाला अडवत गेल्यास नोंदींची तपासणीच बंद पडेल. त्या त्रेचाळीस नोंदींची यादी मी देखरेखीच्या स्वयंसेवकांकडे कारणांसह पाठवली आणि त्या माणसाला अडवले. त्यानंतर त्याच्याकडून त्रास झालेला नाही. तक्रार लिहिताना काय टाळावे हेही मला काकांनी शिकवले. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे, असे येथील मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलेले आहे, म्हणून तक्रारीत त्याच्या हेतूविषयी एक अक्षरही न लिहिता कोणत्या नोंदीवर, कोणत्या वेळी, काय केले, एवढेच मी लिहिले.

जो शिवी देतो तोच धोक्याचा असतो असे नाही. फेब्रुवारीत मी एका मांडुळाची नोंद केली. काही तासांतच एका नव्या खात्यावरून अतिशय नम्र भाषेत विचारणा आली, की ताई, हा नेमका कोणत्या शेतात दिसला, मला अभ्यासासाठी पाहायचा आहे. गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी मांडुळांची तस्करी होते हे आपल्याकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मी ठिकाण आधीच झाकून ठेवले होते. तसे केल्यावर नकाशावर खरी जागा न दिसता अक्षांश-रेखांशाच्या 0.2 अंशांच्या चौकटीत कोठेतरी एक बिंदू दिसतो, म्हणजे आपल्याकडे सुमारे वीस किलोमीटर लांबी-रुंदीचा टापू. धोक्यात असलेल्या अनेक प्रजातींसाठी हे आपोआप होते, इतरांसाठी आपण निवडायचे असते. मी त्या विचारणेला उत्तर दिले नाही आणि छायाचित्रात मागे दिसणारी विहीर कापून टाकली. सापांच्या नोंदी करणाऱ्या प्रत्येकाने छायाचित्राची पार्श्वभूमी नीट पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. यंत्राने सुचवलेल्या नावावर नवे सदस्य डोळे झाकून बोट ठेवतात, आणि दोघांनी तसे केले की चुकीच्या ओळखीलाही दर्जा मिळून जातो. निरोपाची सोय साधी आहे, निवांत गप्पांसाठी ती अपुरी पडते. संवाद बहुतांशी इंग्रजीत चालतो, त्यामुळे आमच्या गावातील ज्यांना जंगलाची माझ्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती आहे, ते तेथे येत नाहीत. प्रजातींना मराठी नावे जोडता येतात, आणि ते काम मी आणि काका सवडीने करत आहोत. तेरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय खाते उघडता येत नाही, म्हणून सहावी-सातवीची मुले जीव शोधतात आणि नोंद मी करते. त्यांना मी टिप्पण्याही वाचून दाखवते, वाईट टिप्पण्यासुद्धा, आणि याला उत्तर द्यावे का, दिल्यास काय द्यावे, हे विचारते. मण्यारीच्या त्या प्रसंगावर एका मुलीने, त्याला पट्टे कुठून सुरू होतात ते विचारा, असे सुचवले होते.

मे महिन्यात याच मुलांना माझ्या कुंपणात, त्याच फटीपाशी, सापाची अखंड कात मिळाली. शेपटीखालचे खवले दुभागलेले होते आणि पाठीवर मोठ्या खवल्यांची ओळ नव्हती, म्हणजे ती मण्यारीची नव्हती. कवड्याची असावी असे मी मत दिले आणि काकांनी खवले तपासून त्याला होकार भरला. त्या कातीची मी वेगळी नोंद केली. मुलांचा आग्रह होता, की आता जुन्या नोंदीवरही ‘कवड्या’ लिहून टाकावे. मी काकांना विचारले. “ती कात त्याच सापाची, याला पुरावा काय?” असे त्यांनी विचारले, आणि जुनी नोंद अजूनही ‘साप’ एवढ्याच नावाने तेथे आहे.