इकॉनॉमी सेव्हन: एक वर्ष, दोन दर आणि सासूबाईंचा बंब

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला हा फ्लॅट भाड्याने घेतला. एजंट दाखवताना म्हणाला, "ऑल इलेक्ट्रिक आहे." असा तोऱ्यात म्हणाला, की मला वाटलं काहीतरी नवीन, भारी असणार. राहायला आल्यावर अर्थ कळला: घरात गॅसची लाईन नाही. शेगडी विजेची, आंघोळीचं पाणी विजेवर, आणि भिंतीला टेकून दोन अवजड हीटर, प्रत्येकावर दोन खुंट्या. कपाटात दीडशे लिटरची पाण्याची टाकी. मीटर एक, पण आकडे दोन. या सगळ्यामागे दिवसा एक आणि रात्री दुसरा, असा जो विजेचा दर असतो त्याला इथे इकॉनॉमी सेव्हन म्हणतात.

हा दर इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९७८ मध्ये सुरू झाला. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री बंद करता येत नाहीत, लोक तर झोपलेले असतात, मग ती वीज खपवायची कशी? म्हणून रात्रीचे सात तास स्वस्त, आणि बाकीचे सतरा तास नेहमीपेक्षा महाग. यातला दुसरा भाग माहितीपत्रकात नेहमी बारीक अक्षरात असतो. लोक 'रात्री स्वस्त' एवढंच वाचतात आणि होकार देतात. आम्हीही तेच केलं.

आमचे आकडे सांगते. साध्या, एकाच दराच्या योजनेत युनिट २५ पेन्सला पडत होतं. इकॉनॉमी सेव्हनमध्ये दिवसा ३० आणि रात्री १४. रोजचा स्थिर आकार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे तो हिशेबात धरला नाही. शाळेतलं गणित आहे: एकूण वापरातला सव्वाएकतीस टक्के वापर रात्रीचा असेल तर दोन्ही बिलं सारखी येतात. त्याहून जास्त असेल तर फायदा, कमी असेल तर फुकटचा भुर्दंड. तुमच्या कंपनीचे दर वेगळे असतील, पण गणित हेच आहे. दिवसाचा दर वजा साधा दर, भागिले दिवसाचा दर वजा रात्रीचा दर. सही करण्याआधी एवढं तरी करा. मी सही केल्यानंतर केलं.

पहिला महिना आम्ही सपशेल आपटलो. ऑक्टोबरमध्ये ४०० युनिट, त्यातली रात्रीची फक्त ९०. बिल १०५ पौंड ६० पेन्स. साध्या दराने बरोबर १०० आलं असतं. कारण शोधलं तर लाज वाटावी असं होतं. टाकीला दोन कॉइल असतात. खालची आपोआप रात्री चालते, वरची 'बूस्ट' बटणावर, हवी तेव्हा. खालच्या कॉइलचं बटण आधीच्या भाडेकरूने बंद करून ठेवलेलं होतं आणि आम्ही रोज सकाळी नऊला ऐटीत बूस्ट दाबून महागाच्या विजेवर आंघोळी करत होतो. पूर्ण टाकी तापायला साधारण सात युनिट लागतात. रात्री तापली तर ९८ पेन्स, दिवसा तापली तर २ पौंड १० पेन्स. शिवाय त्या अवजड हीटरांचं गूढ न उकलल्यामुळे संध्याकाळी दुकानातून आणलेला पंख्याचा हीटर लावून बसायचो, तोही ३० पेन्सवाला.

ऑक्टोबरच्या शेवटी सासूबाई आल्या, तासगावहून. मुलगी तीन महिन्यांची होती, तिच्यासाठी पाच महिने राहायला. नवऱ्याने त्यांना कौतुकाने सांगितलं, "आई, इथे रात्री लाईट स्वस्त असते." त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर रात्रीच देतात, त्यात काय एवढं?" शेतीच्या पंपाला एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात मामंजी अडीच वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचे, पायात गमबूट, कारण पाण्याच्या पाटाला साप असतो. पैसे देऊन कुणी आपणहून रात्रीची वीज मागून घेईल, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पण हीटर त्यांनाच पहिल्यांदा समजला. त्याला स्टोरेज हीटर म्हणतात. आत जड विटा असतात, रात्री स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. एक खुंटी रात्री किती ऊब भरून घ्यायची त्याची, दुसरी दिवसा किती सोडायची त्याची. नवरा सूचनापुस्तिकेची फाइल शोधत होता. सासूबाईंनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "निखारा राखेखाली दाबून ठेवायचा, तसं आहे हे. झोपताना झाकायचं, उठल्यावर उघडायचं." एवढंच! रात्री दुसरी खुंटी पूर्ण बंद, सकाळी थोडी उघडी, चारनंतर जास्त. टाकीला तर त्यांनी पहिल्या दिवसापासून बंबच म्हटलं, आणि आता आमच्या घरात तिचं नाव बंबच आहे. "बंब भरलाय का?" म्हणजे खालच्या कॉइलचं बटण चालू आहे का.

हीटरचे दोष मात्र लपवणार नाही. उद्या किती थंडी असेल ते आज रात्रीच ठरवावं लागतं. अंदाज चुकला आणि उद्या ऊन पडलं तर घर भट्टी होतं आणि आपण खिडक्या उघडून स्वस्तात घेतलेली ऊब रस्त्याला देतो. उलट चुकलं तर संध्याकाळी सातनंतर विटा थंडगार, आणि इथे डिसेंबरात चारला अंधार पडतो, म्हणजे खरी गरज असते तेव्हाच ऊब संपलेली. आमच्याकडे जुने हीटर आहेत. नवीन येतात ते स्वतःच हवामान आणि सवय बघून भरतात म्हणे, पण भाड्याच्या घरात कोण बदलून देणार?

सात तास नेमके कोणते, हा आणखी एक घोळ. ते विभागानुसार वेगळे असतात. आमच्याकडे रात्री १२.३० ते सकाळी ७.३०. पण मीटर ग्रीनिचची वेळ पाळतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळा देश घड्याळ तासभर पुढे करतो, मीटर मात्र हलत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात स्वस्त वेळ १.३० ते ८.३०. मला हे मे महिन्यात कळलं, आणि ती या योजनेतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे: उन्हाळ्यात सकाळचा चहा, डबा, पोळ्या, आंघोळी सगळं साडेआठच्या आत, स्वस्तात.

हिवाळ्यात तसं नाही. हिवाळ्यात मी साडेसहाला उठून पोळ्या लाटत होते, कारण साडेसातला दर दुप्पट होणार. एक दिवस हिशेब केला. पोळ्या आणि भाजी मिळून फार तर एक युनिट जातं. वाचतात १६ पेन्स. १६ पेन्ससाठी, रात्री तीनदा उठणाऱ्या बाळाची आई पहाटे कणीक मळतेय! त्या दिवशी बंद केलं. स्वयंपाक हा असल्या योजनेत हलवायचा प्रकारच नाही. आपल्या घरात संध्याकाळी सहा ते आठ कुकर, पोळ्या, भाजी, कधी ओव्हनमध्ये ढोकळा. हे रात्री एकला होणार नाही आणि होऊही नये.

कपड्यांच्या मशीनचं तेच. वेळ लावून पहाटे तीनला फिरवायचो. खालचे आजोबा एकदा अगदी नम्रपणे दारात उभे राहिले, आणि मग अग्निशमन दलाचा सल्ला वाचला की झोपेत असताना वॉशिंग मशीन आणि ड्रायर चालू ठेवू नका, आग लागली तर कळणार नाही. एका धुण्याला वाचणार दहा-बारा पेन्स. आता उठल्यावर लावते, जमलं तर स्वस्तात, नाही तर नाही. खरी बचत बंब आणि विटांमध्ये आहे, बाकी सगळी चिल्लर.

आता बिलाची भानगड. आमचा जुना मीटर रेडिओवर चालायचा, हे ऐकून मला आधी थट्टाच वाटली. बीबीसी रेडिओ फोरच्या १९८ किलोहर्ट्झच्या लाँगवेव्ह प्रसारणातच एक संदेश दडवून पाठवायचे आणि तो ऐकून देशभरातले असले मीटर रात्रीच्या दरावर जायचे. ती सेवा जून २०२५ अखेर बंद व्हायची होती, म्हणून डिसेंबरमध्ये माणूस येऊन स्मार्ट मीटर लावून गेला. जानेवारीचं बिल आलं २३५ पौंड ४० पेन्स.

जानेवारीत आम्ही ९५० युनिट वापरली होती, त्यातली ६४० रात्रीची. माझ्या वहीप्रमाणे १८२ पौंड ६० पेन्स व्हायला हवे होते. फोन केला तर समोरचा म्हणाला, "मॅडम, यंदा थंडी जास्त आहे." थंडी मलाही लागत होती. बिल नीट बघितलं: ६४० युनिट दिवसाची आणि ३१० रात्रीची लावलेली. खाती उलटी जोडली होती. पण सिद्ध कसं करायचं? दुपारी बारा वाजता मीटरचे दोन्ही आकडे लिहिले, फोटो काढले, मग पंख्याचा हीटर आणि केटल लावून सासूबाईंना सगळ्यांसाठी चहा करायला सांगितला. अर्ध्या तासाने परत फोटो. कंपनी ज्याला 'रात्र' म्हणत होती तो आकडा भर दुपारी पुढे सरकला होता. सासूबाई म्हणाल्या, "चोर सापडला की गं."

कंपनीचं नाव लिहीत नाही. ही चूक कुठल्याही कंपनीत होऊ शकते, मीटर बदलल्यावर तर हमखास बघावी अशीच. लेखी तक्रार केली. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे जाता येतं, ते पत्रात शेवटी लिहिलं. पाचव्या आठवड्यात ५२ पौंड ८० पेन्स परत जमा झाले, 'सद्भावना' म्हणून आणखी काही नाही. तुमच्याकडे नवा मीटर बसला तर दुपारी केटल लावून आकडा बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

वर्षाचा ताळेबंद, ऑक्टोबर ते सप्टेंबर: एकूण ६१५० युनिट, रात्रीची ३६१०. दोन दरांनी १२६७ पौंड ४० पेन्स. साध्या दराने १५३७ पौंड ५० पेन्स झाले असते. म्हणजे २७० पौंड वाचले, पहिल्या महिन्याचा मूर्खपणा धरून. माझ्या दृष्टीने पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा विटांच्या हट्टी स्वभावासाठी कापला, अर्धा त्या बारीक अक्षरासाठी.

स्लाऊच्या आतेभावाकडे विजेची गाडी आहे. तो ऑक्टोपस या वीज कंपनीच्या गो योजनेत आहे. २०२५ मध्ये तिथे रात्री १२.३० ते ५.३० असे पाचच तास स्वस्त होते, पण दर साडेआठ पेन्सच्या आसपास. तो मला इकॉनॉमी सेव्हनवरून चिडवतो, "ताई, तू अजून १९७८ मध्येच." बरोबर आहे, गाडी असती तर मीही तेच घेतलं असतं. गाडीची बॅटरी म्हणजे चाकांवरचा बंब. त्याच कंपनीची दर अर्ध्या तासाला भाव बदलणारी एजाईल योजनाही त्याने करून पाहिली. उद्याचे भाव आजच कळतात, संध्याकाळी चार ते सात सगळ्यात महाग. बायकोने महिन्याभरात बंद करायला लावली. सातनंतर कुकर लावायचा नियम त्या घरात चालला नाही.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सोलापूरचं एक जोडपं आलंय. त्यांनी विचारलं, इकॉनॉमी सेव्हन घ्यावी का? मी आधी वर जाऊन भिंत बघितली. घरमालकाने जुने हीटर काढून पातळ पॅनेल हीटर लावलेत, म्हणजे लावलं की गरम, बंद केलं की गार. आंघोळीला इलेक्ट्रिक शॉवर, बंब नाहीच. दोघंही घरून काम करतात. त्यांना सांगितलं, अजिबात घेऊ नका, आणि मीटर दोन आकड्यांचा असला तरी काही कंपन्या दोन्हींची बेरीज करून एकच दर लावतात, तशी मागा. त्यांनी मागितली, मिळाली.

सासूबाई मार्चअखेर परत गेल्या. जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर केली, तेव्हा त्यांचा फोन आला. तिकडे सूर्याची वीज दुपारी उतू जाते, म्हणून दुपार स्वस्त. "तुमची रात्र स्वस्त, आमची दुपार," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "थंडी सुरू झाली का? खुंटी झाकतेस ना रात्री?" ऑगस्ट होता. मी हो म्हटलं.