पल्सर 150 रोज चालवायची असेल तर कुठल्या पार्टवर पैसे घालावेत

चाकण-आकुर्डीच्या बजाजनं 2001 साली आणलेली पल्सर आजही महाराष्ट्रात रोज कामावर जाणाऱ्यांची गाडी आहे. बीएस-4 (2020 आधीच्या प्रदूषण नियमांच्या) मॉडेलचं इंजिन 14 पीएसचं, टॉर्क सव्वातेरा-साडेतेरा न्यूटन मीटर. या आकड्यांत बाजारातल्या कुठल्याही किटनं फारशी भर पडत नाही. पण चार-पाच वर्षं चाललेल्या पल्सरमध्ये मूळचंच बरंच काही हरवलेलं असतं, आणि योग्य पार्ट टाकले तर ते परत मिळतं. इथे प्रत्येक अपग्रेड एकाच कसोटीवर तपासलं आहे: सोमवारी सकाळी तो पार्ट बिघडला, तर त्याच दिवशी मूळचा पार्ट लावून गाडी पुन्हा चालू करता येईल का?

पहिला खर्च टायरवर. सिंगल डिस्क मॉडेलचा मागचा मूळ साईज 100/90-17. बरेच जण 120/80-17 टाकतात आणि गाडी भारदस्त दिसते म्हणून खूश होतात. हिशेब करून पाहा. मूळ टायरचा व्यास सुमारे 612 मिमी, 120/80 चा सुमारे 624. म्हणजे गिअरिंग दोन टक्के लांबलं, टायर जड झाला आणि चढावर पिकअप पडला. मूळ रिम अरुंद असल्यामुळे रुंद टायर त्यात चिमटल्यासारखा बसतो. मधला भाग फुगतो, रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि मधोमध झिजून टायर लवकर चपटा होतो. चेन कव्हरला घासण्याची भीती वेगळी. त्यामुळे साईज मूळचाच ठेवा, फक्त मऊ कंपाउंडचा टायर निवडा. तो थोडा लवकर झिजेल, पण जुलैत ओल्या घाटात गाडी वळवताना त्याची किंमत कळते. घेताना साईडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे असतात. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नका.

ट्यूबलेस टायर लावण्याआधी अलॉयवर ‘ट्यूबलेस’ असा शिक्का आहे का ते बघा. जुन्या मॉडेलच्या ट्यूबच्या अलॉयला आत टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो. हवा कमी झाली तर वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. हवा पुढे 25, मागे एकट्यासाठी 28 आणि डबलसीट 32 पीएसआय ठेवा, तीही गाडी थंड असताना भरा. पंपावरचा माणूस दोन्ही चाकांत 35-40 भरतो. मग खड्ड्यात गाडी उडते आणि दोष शॉकअपला दिला जातो.

शॉकअपच्याही आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग तपासा. पल्सरची हँडलिंग बिघडली की बऱ्याचदा दोष इथे सापडतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागून कुणाला तरी बसवून पुढचं चाक हवेत उचला आणि हँडल सरळ ठेवून हळूच सोडा. ते आपल्या वजनानं दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर कप घासले गेले आहेत. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. टकटक आवाज आला तर कोनसेट सैल आहे. इथे टेपर रोलर बेअरिंगचा सेट टाकणं हे या गाडीवरचं सगळ्यात पैसा-वसूल अपग्रेड म्हणता येईल. मूळ सेटमधल्या गोळ्या एका बिंदूवर भार घेतात, रोलर पूर्ण रेषेवर घेतात, म्हणून खड्ड्यांनी खाचा पडायला बराच वेळ लागतो. मात्र फिटरनं जुने कप नीट काढून नवे तिरके न बसवता ठोकले पाहिजेत आणि ग्रीस रोलरच्या आतपर्यंत भरलं पाहिजे. 300 ते 500 किलोमीटरनंतर सेट बसतो, तेव्हा नट पुन्हा तपासून घ्या. नट जास्त आवळला तर हळू वेगात गाडी सरळ चालत नाही, सापासारखी वळवळते. त्याच वेळी चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुशही बघून घ्या. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ जाणवला तर कितीही महागडे शॉकअप टाका, डुलणं थांबणार नाही.

ब्रेकमध्ये सिंटर्ड (धातूच्या पुडीचे) पॅड विकले जातात. ते गरम झाल्यावरही पकड टिकवतात, पण डिस्क जास्त खातात आणि त्यातले काही सकाळच्या पहिल्या दोन-तीन दाबांत सुस्त वाटतात. शहरात रोज चालवायला चांगले ऑर्गॅनिक पॅड आणि नवं डॉट 4 फ्लुइड पुरेसं आहे. सिग्नल टू सिग्नल चालणाऱ्या माणसाला सिंटर्ड पॅडची गरज पडत नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. पॅड बदलण्याआधी व्हर्नियर लावून डिस्क मोजा. लिव्हर स्पंजी असेल तर पॅडनं सुधारणार नाही. फ्लुइडमध्ये हवा शिरली आहे किंवा होज (ब्रेकचा रबरी पाइप) फुगते आहे, म्हणून आधी हवा काढून बघा. होज फुगत असेल तर स्टीलची वेणी असलेली होज इथे खरा फरक पाडते आणि वर्षानुवर्षं टिकते. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने पुन्हा वापरले तर पाझरतात. कॅलिपर पिनला सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसनं तिथली रबरं फुगतात. नवे पॅड बसल्यावर 50 च्या वेगापासून 15 पर्यंत दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक लावा. या वेळी गाडी पूर्ण थांबवून लिव्हर दाबून धरू नका. गरम पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि नंतर लिव्हर थरथरू लागते.

हेडलाईट हा सगळ्यात जास्त फसवणुकीचा भाग आहे. पल्सरमध्ये एचएस-1 प्रकारचा 35/35 वॅटचा बल्ब असतो. दुकानदार खाच घासून 60/55 वॅटचा कारचा बल्ब बसवून देतो. 35 वॅटला सुमारे तीन अँपिअर लागतात, 60 ला पाच. तेवढा करंट स्विच आणि होल्डरमधून रोज गेला की होल्डर आधी पिवळा पडतो, मग वितळतो. सहा महिन्यांनी एका पावसाळी रात्री हायबीम गायब होतो. त्याऐवजी मल्टिमीटर घ्या. इंजिन तीन हजार आरपीएमवर ठेवून आधी बॅटरीवरचं आणि मग बल्बच्या पिनांवरचं व्होल्टेज मोजा. दोन्हीत एका व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर उजेड वायरिंगमध्येच संपतो आहे. मूळ बल्बच ठेवून रिले, फ्यूज आणि बॅटरीपासून थेट दीड स्क्वेअर मिमीची वायर टाकली की फरक डोळ्यांना दिसतो. स्वस्त एलईडी बल्ब फिलामेंटसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये प्रकाश भलतीकडे फेकतात. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्या पुढचा खड्डा काळाच राहतो. त्यांच्या मागचा छोटा पंखाही मुंबई-कोकणच्या पावसात फार टिकत नाही.

आता इंजिनाकडे. इथे जितकं कमी कराल तितकं बरं. ऑइल 20डब्ल्यू50, जासो एमए (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) असं लिहिलेलं, सुमारे एक लिटर. कारचं ऑइल किंवा स्कूटरचं एमबी ऑइल घालू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी ओला क्लच घसरतो. ऑइलची पातळी खिडकीतून बघताना गाडी सरळ उभी आणि इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं झालेली असू द्या. इरिडियम प्लगनं ताकद वाढत नाही, फक्त आयुष्य वाढतं, आणि पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनाला दोन प्लग लागतात म्हणून खर्चही दुप्पट. घ्यायचेच असतील तर थ्रेडचा व्यास आणि लांबी जुन्या प्लगशी जुळवा. लांब थ्रेडचा प्लग पिस्टनला भिडू शकतो. यापेक्षा मोठा फायदा फुकटात आहे. दोनपैकी एक प्लग मेला तरी पल्सर चालत राहते, फक्त एव्हरेज पडतो आणि पिकअप जड होतो. त्यामुळे महिनोन् महिने लक्षातही येत नाही. आयडलिंगला एकेक कॅप काढून बघा. काढलेल्या कॅपमध्ये जादा प्लग बसवून त्याची बॉडी इंजिनाला टेकवून ठेवा, नाहीतर इग्निशन युनिटवर ताण येतो. जी कॅप काढल्यावर आवाजात काहीच बदल होत नाही, तो प्लग किंवा त्याची कॉइल मेलेली आहे.

कापडी परफॉर्मन्स फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर दोन्ही नापास. व्हॅक्यूम कार्ब्युरेटरची स्लाईड उचलण्यासाठी एअरबॉक्समधला (फिल्टरच्या पेटीतला) शांत दाब लागतो. एअरबॉक्स काढून शंकू फिल्टर लावला की चार-पाच हजार आरपीएमला गाडी अडखळते. शिवाय आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-20 आहे आणि त्यानं जुन्या कार्ब्युरेटरची गाडी आधीच थोडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. त्यात जास्त हवा गेली तर हेड तापतं. कार्ब्युरेटरचं जेट एक-दोन नंबर मोठं टाकून सावरता येतं, पण प्रत्येक सर्व्हिसला नवा फिटर ते पुन्हा बिघडवणार. सायलेन्सरचं म्हणाल तर फ्री-फ्लो लावल्यावर मूळच्या एक्झॉस्टेक (सायलेन्सरच्या पाइपवरच्या) चेंबरमुळे खालच्या आरपीएमला मिळणारा ओढ जातो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकतं. त्या पैशांत कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम आणि पेट्रोलचा पाइप बदला. इथेनॉलनं दोन्ही रबरं आधी जातात.

चेनस्प्रॉकेट बदलताना चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट असं तिन्ही एकदम बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. पितळी लेप दिलेली चेन गंजाला चांगली तोंड देते, म्हणून समुद्रकाठी राहणाऱ्यांनी जरूर घ्यावी. लांब टिकण्याच्या बाबतीत तिच्याकडून जादूची अपेक्षा नको. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे जवळजवळ तीन दात वाढवण्यासारखं आहे. डबलसीट आणि चढ रोजचा असेल तर पिकअप सुधारतो, पण हायवेवर इंजिन ओरडतं आणि चेन लहान वर्तुळात वळल्यामुळे लवकर झिजते. चेनची ढिलाई 25 ते 30 मिमी ठेवा. चाक फिरवून जिथे ती सगळ्यात ताठ होते तिथे मोजा. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा, नंतर 90 नंबरचं गिअर ऑइल द्या. ओ-रिंग चेनवर तारेचा ब्रश फिरवू नका.

पुण्यात हे सगळं नाना पेठेत एका चकरेत मिळतं. पण ‘पल्सर 150 चा द्या’ एवढं सांगून चालत नाही. ट्विन डिस्क मॉडेलचे फोर्क 37 मिमीचे, सिंगल डिस्कचे 31 मिमीचे. 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीला कार्ब्युरेटरच नाही. जुना पार्ट पिशवीत घालून न्या, काउंटरवर नव्याशेजारी ठेवून मोजा, आणि काढलेला चालू पार्ट भंगारात देऊ नका. मूळचा बल्ब, एक प्लग आणि क्लच केबल सीटखाली राहू द्या.